लोण्याचं क्रीम करताना

माझ्या डाव्या मनगटावर, बांगडीच्या जरा वर, रुपयाएवढा डाग आहे. तीन वर्षं झाली, गेला नाही. गरम दूध आणि लोणी मिक्सरमधून उसळून हातावर आलं, त्याचा तो डाग. घरी क्रीम करणाऱ्या प्रत्येकीला तो दाखवावासा वाटतो.

आम्ही चिखलीत राहतो. यजमान चाकणला शिफ्टमध्ये कामाला आहेत आणि सुट्टी गुरुवारची. त्या गुरुवारी त्यांच्या लाइनवरची आठ-दहा मंडळी जेवायला यायची होती. पनीर माखनी आणि शेवटी फ्रूट क्रीम असा बेत होता. ऐनवेळी जवळच्या एकाही दुकानात क्रीमचा डबा मिळेना. लोणी आणि दूध एकत्र घुसळलं की क्रीम होतं, हे कुणाकडून तरी ऐकलं होतं आणि फ्रीजमध्ये घरचं लोणी होतं.

दूध उकळलं, त्यात लोणी सोडलं, विरघळल्यावर तसंच कढत मिक्सरच्या भांड्यात ओतलं. भांडं जवळजवळ भरलं होतं. झाकण घट्ट दाबून एकदम तीनवर फिरवलं आणि झाकण उडालं. कढत द्रव फिरू लागला की क्षणात वाफ सुटते, आतली हवा फुगते आणि झाकण वर ढकलते. तुपकट द्रव पाण्यासारखा ओघळून जात नाही, कातडीला धरून राहतो. शेजारच्या काकू टूथपेस्ट घेऊन धावत आल्या. सासूबाईंनी त्यांना थांबवलं, माझ्या बांगड्या उतरवल्या आणि हात नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरून ठेवला. हळद नाही, बर्फ नाही, काही नाही. फोड आला तो फोडला नाही, संध्याकाळी डॉक्टरांना दाखवला. त्या वीस मिनिटांमुळे भाजणं तेवढ्यावर निभावलं, असं डॉक्टर म्हणाले.

भांड्यात जे उरलं, तेही नासलं होतं. हिरवट पाणी वेगळं, चोथा वेगळा. सासूबाईंनी चमचाभर चाखून लगेच सांगितलं, “अगं, हे विरजणाचं लोणी. यात ताक राहिलंय.” आपल्याकडे सायीला विरजण लावून, घुसळून लोणी काढतात. कितीही धुतलं तरी त्यात आंबटपणा राहतो, आणि आंबट वस्तू गरम दुधात गेली की दूध फाटणारच. तूप कढवायला तेच लोणी उत्तम. क्रीमला चालत नाही. लोणी हवं ते बिनमिठाचं, गोड सायीचं. दुकानात ‘अनसॉल्टेड बटर’ म्हणून मागावं. आपण पावाला लावतो ते पिवळं बटर खारट असतं. माखनीत खपून जाईल, पण फळांत घातलं तर सगळं वाया.

आता मी करते ते प्रमाण सांगते. बटरमध्ये साधारण ८० टक्के स्निग्धांश असतो, स्टँडर्ड दुधात साडेचार. १०० ग्रॅम बटरला पावणेतीनशे मिलीलिटरच्या जरा आत दूध घेतलं की २५ टक्क्यांच्या आसपासचं क्रीम होतं, दुकानातल्या डब्यातल्याइतकंच. घट्ट हवं तर दूध दीडशेवर आणावं.

दूध आधी उकळून घ्यावं, मग बोट सोसवेल इतकं कोमट होऊ द्यावं. लोणी वितळायला तेवढी ऊब पुरते. माझा कढतपणाचा हट्टच चुकीचा होता. बटरचे बारीक तुकडे त्यात पूर्ण विरघळवावेत. मिक्सरचं भांडं तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त भरू नये, झाकणावर जाड फडकं धरावं, आणि बटण उलटं फिरवून थांबून थांबून दोन-तीन मिनिटं फिरवावं. हँड ब्लेंडर असेल तर उभ्या, खोल पातेल्यात तोच वापरावा. मला तो जास्त भरवशाचा वाटतो.

इतकं फिरवायचं कारण असं. लोणी काढताना सायीतले स्निग्धाचे कण फुटून एकमेकांना चिकटलेले असतात. ते पुन्हा इतके बारीक करायचे की दुधातली प्रथिनं त्यांच्याभोवती बसतील आणि कण वर येऊन गोळा होणार नाहीत. डेअरीत हेच काम मोठ्या दाबाखाली दूध बारीक फटीतून ढकलून करतात; ऑगस्ट गोलँ या फ्रेंच माणसाने तसं यंत्र १८९९ साली काढलं. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये क्रीम विकायलाच बंदी आली, तेव्हा तिथल्या बायका हाताने दाबायच्या छोट्या पंपातून लोणी-दूध काढून क्रीम करत. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

क्रीम झालं की भांडं थंड पाण्यात ठेवून लगेच निववावं आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावं, म्हणजे घट्ट होतं. दोन दिवसांत संपवावं. भाजीत घालताना आधी गॅस बंद करावा. केकवर फेटून फुलवायला मात्र यावर विसंबू नये, माझं दोनदा फसलं आहे.

घरी म्हशीचं दूध येत असेल तर हा सगळा खटाटोप करूच नये. ताजी गोड साय थंड दुधात घुसळली की झालं. पण आमच्या सोसायटीत बहुतेक घरी पिशवीतलं टोन्ड दूध. त्यावर पापुद्र्याएवढी साय येते. शिवाय बटर फ्रीझरमध्ये महिनोन्‌महिने राहतं, क्रीम राहत नाही. सेकंड शिफ्ट सुटल्यावर चार माणसं घेऊन येतोय असा फोन आला, तरी आता मी गांगरत नाही.

सकाळी डबा उघडल्यावर वर पिवळट कडक थर दिसला तर टाकून देऊ नका. लोणी नीट मिसळलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. डबा कोमट पाण्यात ठेवून थर विरघळवा आणि पुन्हा फिरवा, या वेळी मिनिटभर जास्त.