पाकिटांची वर्गवारी आणि नियमांचा क्रम

अमरावतीचा पिन कोड ४४४६०१ आणि अकोल्याचा ४४४००१. आपापल्या गावाचे हे सहा अंक आपणा सर्वांना तोंडपाठ असतात. परंतु ते कोणते काम करतात, ह्याचा विचार आपण क्वचितच करतो. १५ ऑगस्ट १९७२ रोजी ही पद्धत आपल्या देशात सुरू झाली. केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे तिचे जनक. एकाच नावाची अनेक गावे, निरनिराळ्या लिप्यांत लिहिलेले पत्ते आणि न लागणारी अक्षरे, ह्यांमुळे टपालाची वर्गवारी करणाऱ्या सॉर्टरचे काम अतिशय बिकट झाले होते. त्यावर वेलणकरांनी अंकांचा तोडगा काढला. पहिला अंक विभागाचा, दुसरा उपविभागाचा, पहिले तीन मिळून वर्गवारीचा जिल्हा आणि शेवटचे तीन वाटप करणाऱ्या टपाल कचेरीचे. अमरावती आणि अकोला ह्या दोहोंचे पहिले तीन अंक ४४४ आहेत. म्हणजे दूरच्या सॉर्टरच्या दृष्टीने ही दोन्ही शहरे एकाच खणातली. ती वेगळी होतात ती शेवटच्या तीन अंकांनी.

वेलणकर हे संस्कृतचे कवीही होते. ही गोष्ट येथे मुद्दाम नोंदवतो. कारण पुढे मला संस्कृत व्याकरणाकडेच वळावयाचे आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र टपाल नाही. संगणकांच्या जाळ्यातून जी वाहतूक अहोरात्र चालू असते, तिची वर्गवारी कशी होते आणि त्या वर्गवारीचे नियम क्लाउडमधील धोरणात कसे घातले जातात, हे सांगण्याचा येथे विचार आहे. मी भाषेचा अभ्यासक, संगणकाचा नव्हे. तथापि एका शैक्षणिक संस्थेच्या अमरावती व अकोला येथील केंद्रांचे जाळे सांभाळण्याचे काम काही काळ माझ्याकडे आले, आणि एका चुकीने मला ह्या विषयाचा अभ्यास करायला लावला.

संगणकाच्या जाळ्यात कोणताही मजकूर सलग जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याला पॅकेट म्हणतात. आपण मराठीत पाकीट म्हटले तरी अर्थ बिघडत नाही, कारण त्याच्यावर खरोखरच पत्ता असतो. त्यावरील पाच गोष्टी वर्गवारीला उपयोगी पडतात : पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता, वाहतुकीचा प्रकार, आणि दोन्ही टोकांचे पोर्ट क्रमांक. पत्ता म्हणजे घर धरले तर पोर्ट म्हणजे त्या घरातली खोली. सुरक्षित संकेतस्थळांची पाने ४४३ क्रमांकाच्या पोर्टवरून येतात. नावावरून पत्ता शोधण्याचे काम ५३ क्रमांकावर चालते. आतला मजकूर आज बहुधा कूटबद्ध असतो. तेव्हा जाळ्यातला सॉर्टरसुद्धा पत्र फोडून वाचत नाही, पाकीटच पाहतो.

पाकिटावर आणखी एक जागा आहे. १९८१ साली इंटरनेटच्या पाकिटाची जी रचना ठरली, तीत सेवेचा प्रकार लिहिण्यासाठी आठ बिटांचा एक कप्पा राखलेला होता. १९९८ मध्ये त्याचा अर्थ नव्याने ठरवण्यात आला आणि त्यांतील सहा बिटे वर्गाच्या खुणेसाठी दिली गेली. सहा बिटांत ० ते ६३ अशा चौसष्ट खुणा मावतात. खूण ० म्हणजे साधे टपाल. खूण ४६ बोलण्याच्या आवाजासारख्या, क्षणाचाही विलंब न सोसणाऱ्या वाहतुकीची. खूण ८ ही परंपरेने मागे राहिले तरी चालेल अशा मालाची. तारेच्या काळात साधी तार आणि अर्जंट तार असा भेद होता, तसाच हा प्रकार समजावा. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. खूण मारल्याने रस्ता रुंद होत नाही. रांगेतली जागा तेवढी बदलते. एकाला पुढे घेतले की दुसरा मागे जातो.

आता ही खूण मारणार कोण? प्रत्येक संगणकाने आपापल्या पाकिटावर हवी ती खूण मारायची म्हटले, तर सगळेच ४६ लिहितील आणि कोणालाच काही लाभ होणार नाही. म्हणून खूण मारण्याचा अधिकार जाळ्याच्या उंबरठ्यावर, एका धोरणाकडे ठेवतात. धोरण म्हणजे नियमांची यादी. प्रत्येक नियमाला एक क्रमांक, एक अट आणि एक कृती असते : अमुक पत्त्याहून तमुक पत्त्याकडे, अमुक पोर्टवरून निघालेले पाकीट असेल, तर त्यावर अमुक खूण मारावी.

आमच्या संस्थेचे संगणक तिच्या इमारतीत नव्हते. ते क्लाउडमध्ये, म्हणजे दुसऱ्याच्या भल्यामोठ्या संगणकगृहात भाड्याने घेतलेले होते. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्यात, ॲमेझॉनने २०१६ मध्ये आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईत अशी केंद्रे उघडल्यापासून आपल्या राज्यात ही सोय जवळ आली आहे. तेथून अमरावती व अकोला येथे येणारी वाहिनी खाजगी, भाड्याची होती आणि वाटेतील राउटर आमच्या खुणा मानीत असत. सार्वजनिक इंटरनेटवर त्या मानल्या जातीलच अशी खात्री नसते, हेही येथे सांगितले पाहिजे.

क्लाउडमधल्या धोरणाला हात लावण्यासाठी तेथे जावे लागत नाही. त्यासाठी एपीआय असते. एपीआय म्हणजे कचेरीची खिडकीच. ठरलेल्या नमुन्यात अर्ज द्यायचा आणि ठरलेल्या नमुन्यात उत्तर घ्यायचे. अर्जाबरोबर ओळखपत्र लागते. ते नसेल तर उत्तर येते ४०१. ओळख पटली पण अधिकार नसेल तर ४०३. अर्ज चुकीचा भरला असेल तर ४००. अर्जाचे प्रकारही मोजके आहेत. ‘गेट’ म्हणजे जे आहे ते दाखवा. ‘पोस्ट’ म्हणजे यादीत हे नवे घाला. ‘पुट’ म्हणजे जुने काढून त्या जागी हे ठेवा. ‘डिलीट’ म्हणजे काढून टाका.

आमच्या धोरणात १०० क्रमांकाचा एक नियम आधीपासून होता. संभाषणाच्या संगणकाहून अकोल्याकडे निघालेल्या आवाजाच्या पाकिटांवर तो ४६ ही खूण मारीत असे. त्याचे काम चोख चालले होते. तक्रार वेगळी होती. ग्रंथालयातील जुन्या ग्रंथांच्या छायाप्रती रोज दुपारी क्लाउडमधून अकोल्याला उतरत आणि त्या वेळी तेथील विद्यार्थ्यांना अर्जाचे साधे पानही उघडत नसे. छायाप्रतींना मागे टाकावे, म्हणजे त्यांवर ८ ही खूण मारावी, एवढेच मला करावयाचे होते. त्यासाठी ज्या संगणकातून त्या निघत, त्याचा नेमका पत्ता पाहायला हवा होता. तो शोधण्याचा मी आळस केला आणि सरसकट लिहिले : अकोल्याच्या पत्त्यांकडे जाणारे जे काही असेल, त्यावर ८. क्रमांक दिला ५०. ‘पोस्ट’ने अर्ज गेला, ‘मान्य’ असे उत्तर आले आणि मी निश्चिंत झालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी तोंडी परीक्षा होती. परीक्षक अमरावतीत आणि विद्यार्थिनी अकोल्याला. परीक्षकांनी प्रश्न विचारला, ती म्हणाली, “सर, कळलं नाही.” त्यांनी तो पुन्हा विचारला, पुन्हा तेच उत्तर. त्यांनी तिच्या नावापुढे ‘उत्तर नाही’ असे लिहिले. तिसऱ्या वेळी मात्र ती धीर करून म्हणाली, “आवाज तुटून राह्यला सर.” तेव्हा कोठे मला शोधायला बोलावणे आले.

गंमत अशी, की परीक्षकांना तिचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता. माझा नियम केवळ अकोल्याकडे जाणाऱ्या पाकिटांना लागू होता. अकोल्याहून येणाऱ्यांना नाही. म्हणून तिचे ‘कळलं नाही’ तेवढे स्पष्ट पोचत होते आणि प्रश्नाचे शब्द छायाप्रतींच्या रांगेत अडकून गळत होते. जाळ्यातला दोष तिच्या अज्ञानासारखा दिसला. ती तिसऱ्यांदा बोलली नसती तर तो तिच्या गुणपत्रिकेत कायमचा लिहिला गेला असता. परीक्षकांनी तिची परीक्षा दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतली, हा त्यांचा मोठेपणा.

चूक कोठे झाली? माझी समजूत अशी होती, की दोन नियम एकाच पाकिटाला लागू पडत असतील तर अधिक नेमका नियम जिंकेल. ही समजूत अगदीच निराधार नव्हती. पाकिटाचा मार्ग निवडताना राउटर असेच करतो : पत्त्याचा जास्तीत जास्त भाग जिच्याशी जुळतो ती नोंद तो उचलतो, ४४४ ला जुळणाऱ्या खणापेक्षा ४४४००१ चा खण असेल तर तोच. वर्गवारीच्या धोरणात मात्र तसे नाही. तेथे क्रमांक बोलतो. ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट व गूगल ह्या तिन्ही क्लाउडांत जाळ्याच्या प्रवेशनियमांची जी क्रमवार यादी असते, तीतही लहान क्रमांकाचा नियम आधी तपासतात. माझा ५० क्रमांकाचा ढोबळ नियम प्रत्येक पाकिटाला प्रथमच गाठत होता. १०० क्रमांकाच्या नेमक्या नियमापर्यंत आवाजाचे एकही पाकीट पोचत नव्हते. तो नियम यादीत होता, शुद्ध होता, पण मृत होता.

येथे पाणिनीची आठवण होते. सुमारे चार हजार सूत्रांच्या अष्टाध्यायीत दोन सूत्रे एकाच ठिकाणी लागू पडण्याचा प्रसंग वारंवार येतो. सारख्या बळाच्या सूत्रांत नंतरचे सूत्र प्रभावी, असा दंडक पाणिनीने पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात घालून दिला आहे. आणि सामान्य नियमाला विशेष नियम बाधतो, म्हणजे उत्सर्गापेक्षा अपवाद बलवान, हे वैयाकरणांच्या परंपरेने मानले आहे. क्लाउडच्या धोरणात ह्याच्या नेमके उलट : पहिला जुळला की संपले, आणि अपवादाला स्वतःचे असे बळ नाही. ते बळ लिहिणाऱ्याने क्रमांकाच्या रूपाने द्यावे लागते. नियमांचा अर्थ केवळ त्यांच्या शब्दांत नसतो. त्यांच्या क्रमातही असतो, हा धडा भाषेच्या अभ्यासकाला तरी नवा वाटायला नको होता.

तेव्हापासून मी नवा नियम पुढील रीतीने घालतो. प्रथम ‘गेट’ने संपूर्ण धोरण मागवून वाचतो, त्याबरोबर त्या आवृत्तीचा ठसा येतो, तो जपून ठेवतो. मग नव्या नियमाची अट शक्य तितकी नेमकी लिहितो. त्याच्या आधीचे कोणते नियम त्याला झाकतात आणि तो नंतरच्या कोणाला झाकतो, हे कागदावर ताडून पाहतो. क्रमांक शंभर, दीडशे, दोनशे असे अंतर सोडून देतो, म्हणजे पुढे मध्ये जागा राहते. सगळ्यांत शेवटी ‘बाकी सर्वांना ०’ हा नियम ठेवतो. एकच नियम घालायचा असेल तर ‘पोस्ट’ वापरतो. ‘पुट’ने सबंध धोरण बदलले जात असेल, तर मधल्या काळात दुसऱ्याने घातलेला नियम नकळत पुसला जातो. ते टाळण्यासाठी अर्जाबरोबर मघाचा ठसा जोडायचा. मधल्या काळात धोरण बदललेले असेल तर खिडकीतून ४१२ हे उत्तर येते आणि अर्ज परत मिळतो. असा नकार हा उपकारच समजावा. ‘मान्य’ ह्या उत्तरावरही थांबू नये. ते उत्तर अर्ज व्याकरणशुद्ध आहे एवढेच सांगते, अर्थ बरोबर आहे असे नाही. काम पुरे झाल्याची खात्री करून पुन्हा ‘गेट’ करावे, आणि नंतर प्रत्यक्ष दोन्ही दिशांनी बोलून पाहावे. माझा ५० क्रमांकाचा नियम मी काढून टाकला आणि छायाप्रतींच्या संगणकाचा पत्ता नेमका लिहून, क्रमांक १५० देऊन, तो नव्याने घातला. त्यानंतर छायाप्रती सावकाश उतरू लागल्या, पाने उघडू लागली आणि आवाज पूर्ववत झाला.

हा प्रश्न केवळ तंत्राचा नाही. कोणाला पुढे घ्यावे आणि कोणाला मागे ठेवावे, हे ठरवणे म्हणजे सत्ताच होय. मग ती कितीही लहान असो. आपल्या देशात हा वाद मोठ्या प्रमाणावर झालेला आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी मजकुरानुसार वेगवेगळे दर आकारण्यास मनाई करणारे विनियम काढले आणि जुलै २०१८ मध्ये सरकारने इंटरनेट पुरवणाऱ्यांनी मजकुरात भेदभाव करू नये हे तत्त्व मान्य केले. सार्वजनिक रस्त्यावर हा दंडक योग्यच आहे. स्वतःच्या अंगणात वर्गवारी करण्यास मोकळीक असते. परंतु तेथेही ज्याला मागे ठेवले त्याला कारण विचारण्याचा हक्क असावा. म्हणून प्रत्येक नियमाच्या वर्णनाच्या रकान्यात तो का घातला, हे मी आता मराठीत एका वाक्यात लिहितो. संगणक ते वाक्य वाचत नाही. माझ्यानंतर ह्या खिडकीशी जो बसेल, त्याच्यासाठी ते आहे.