खुर्ची नेमकी कुठे ठेवली?

चि. मुक्ता हिस,


‘द टेल-टेल हार्ट’ वाचून तू विचारलंस, हा माणूस वेडा आहे की नाही? तो प्रश्न जरा बाजूला ठेव आणि त्याची जबानी तपासून बघ.

एडगर अ‍ॅलन पोची ही कथा जानेवारी १८४३ मध्ये बॉस्टनच्या ‘द पायोनियर’ मासिकाच्या पहिल्या अंकात आली. तिच्यातला निवेदक हिशेबाला पक्का आहे. सात रात्री, ठोक्याला बारा वाजता, तो म्हाताऱ्याच्या दाराशी जातो. फटीतून डोकं आत घालायला तासभर लावतो. आठव्या रात्री कंदिलाच्या पत्र्याच्या कडीवरून अंगठा निसटतो, हेही त्याला आठवतं. खून कशासाठी केला, हे मात्र त्याला धड सांगता येत नाही. म्हाताऱ्यावर आपला जीव होता, त्याच्या सोन्याचा लोभ नव्हता, असं तोच म्हणतो. मग उरतो तो म्हाताऱ्याचा एक फिकट निळा, सारा आलेला डोळा. म्हाताऱ्याचं नाव काय, या दोघांचं नातं काय, याबद्दल अवाक्षर नाही. पोने ही जागा मुद्दाम कोरी सोडली आहे.

आता ते काळीज. कापसात गुंडाळलेल्या घड्याळासारखा आवाज कथेत दोनदा येतो. आधी म्हातारा अंधारात जिवंत असताना आणि नंतर त्याचं प्रेत जमिनीच्या फळ्यांखाली लपवलेलं असताना. त्याआधीची एक जागा सहज निसटते. म्हातारा भीतीने कण्हतो, तेव्हा निवेदक म्हणतो की हे कण्हणं ओळखीचं आहे, कित्येक मध्यरात्री ते त्याच्याच छातीतून उठलं आहे. मग धडधडत होतं ते कुणाचं?

खुनानंतर चौकशीला आलेले तीन पोलीस निवांत गप्पा मारत असतात. त्यांनाही सगळं ऐकू येत होतं आणि ते सोंग करत होते, याला पुरावा फक्त त्याचा शब्द. पश्चात्ताप झाला असं तो कुठेच म्हणत नाही. पण त्या खोलीत खुर्च्या त्यानेच आणल्या आणि स्वतःची बरोबर प्रेतावर मांडली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या ‘द ब्लॅक कॅट’मध्येही बायकोला भिंतीत चिणणारा नवरा पोलिसांसमोर त्याच भिंतीवर काठी आपटतो. खुनाचा पश्चात्ताप हे दोघे बोलून दाखवत नाहीत. त्यांचे हातच त्यांना पकडून देतात.

पेन्सिल घेऊन कथा पुन्हा वाच. ‘बघा, किती शांतपणे सांगतोय’ असं तो जिथे जिथे सुचवतो, तिथे खूण कर. कोणत्या वाक्याला तुझा त्याच्यावरचा विश्वास पहिल्यांदा डळमळला, ते पुढच्या पत्रात कळव.

तुझी,
मावशी