मूळ वही आणि नकला

परीक्षेची फी संगणकावरून भरली आणि पुन्हा पाहिले, तर ‘फी बाकी’! घाबरून मी ती दुसऱ्यांदा भरली. जादा पैसे परत मिळायला दीड महिना गेला. असे का झाले असावे, याचा उलगडा पुढे अभ्यासात झाला.

मित्रहो, मोठ्या व्यवस्थेत माहितीची एक मूळ वही असते आणि तिच्या अनेक नकला. लिहायचे ते मूळ वहीत. वाचणाऱ्यांची गर्दी नकलांवर वाटून देतात. मायएस्क्यूएलमध्ये नक्कल एरवी मूळ वहीच्या मागून भरते. मला दिसली ती बहुधा अशीच मागे राहिलेली नक्कल!

तेव्हा गर्दी नुसती सारखी वाटून भागत नाही. विकिपीडिया ज्यावर चालतो, त्या मीडियाविकीची रीत पाहा. प्रत्येक नकलेचा वाटा आधी ठरवलेला असतो. फार मागे पडलेली नक्कल वगळली जाते. तुम्ही काही लिहिलेत, की मूळ वहीतील ती जागा तुमच्या नावे लक्षात ठेवतात. नंतर वाचायला आलात, की नक्कल तिथवर येण्याची थोडी वाट पाहतात. सगळ्याच नकला रेंगाळल्या, तर लिहिणेच तात्पुरते बंद! कुणाला हे जाचक वाटेल. मला मात्र त्या खोट्या ‘बाकी’पेक्षा पुष्कळ बरे वाटते.