कोवळे ऊन आणि तान्हे बाळ

प्रस्तावना

बाळाला तेल लावून, न्हाऊ घालून कोवळे ऊन दाखवण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. सोळा संस्कारांपैकी ‘निष्क्रमण’ या संस्कारात साधारण चौथ्या महिन्यात बाळाला घराबाहेर आणून सूर्यदर्शन घडवतात. ऊन आणि बाळाचे आरोग्य यांचे नाते समाजमनात किती खोल रुजले आहे, हे यावरून दिसते. परंतु कोणते ऊन, किती वेळ आणि कशासाठी, या प्रश्नांची उत्तरे शास्त्राच्या आधारे तपासून घेतली पाहिजेत. चेन्नई शहराचे उदाहरण घेऊन आपण या पाठात तो विचार करणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला
• सूर्यप्रकाश व ‘ड’ जीवनसत्त्व यांचा संबंध स्पष्ट करता येईल;
• तान्ह्या बाळाला कडक उन्हाचा धोका का असतो, ते सांगता येईल;
• नवजात बाळाच्या काविळीत ऊन हा उपचार का नव्हे, हे समजावून देता येईल.

मूळ पाठ

१. चेन्नईचे ऊन

चेन्नई हे विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १३ अंशांवर, बंगालच्या उपसागराच्या काठी वसलेले शहर आहे. तेथे वर्षातून दोनदा, एप्रिलच्या उत्तरार्धात आणि ऑगस्टच्या मध्यानंतर, सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो. मे महिन्यातील तीव्र उन्हाच्या दिवसांना तमिळ लोक ‘अग्नि नक्षत्रम्’ म्हणतात. ३१ मे २००३ रोजी या शहरात ४५ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले गेले. समुद्रामुळे हवा दमट असते, त्यामुळे घाम लवकर सुकत नाही आणि शरीर थंड होण्यास वेळ लागतो.

सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी या भागांतून सोने-चांदी गाळण्याच्या, म्हणजेच गलाईच्या, व्यवसायानिमित्त अनेक मराठी कुटुंबे दक्षिणेतील शहरांत गेली. चेन्नईतील सौकारपेटसारख्या जुन्या बाजारपेठेत गल्ल्या अरुंद आणि वस्ती दाट आहे. गावाकडे अंगणात सहज मिळणारे ऊन अशा ठिकाणी गच्चीवर जाऊन शोधावे लागते. घरातील कामे आवरून आई गच्चीवर पोहोचते, तोपर्यंत कोवळे ऊन कडक झालेले असते. म्हणूनच हा विषय नीट समजून घेण्यासारखा आहे.

२. उन्हातून काय मिळते?

सूर्यप्रकाशातील ‘ब’ प्रकारचे अतिनील किरण त्वचेवर पडले की तेथे ‘ड’ जीवनसत्त्व तयार होऊ लागते. पुढे यकृत आणि मूत्रपिंड यांत त्याचे उपयुक्त रूप बनते. अन्नातील कॅल्शियम शरीरात शोषले जाण्यासाठी ते आवश्यक असते. त्याच्या अभावी हाडे मऊ राहतात, पाय वाकतात. या विकाराला मुडदूस म्हणतात. १९१९ साली बर्लिन येथे कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी अतिनील किरणांच्या दिव्याने मुडदूस बरा होतो, हे दाखवून दिले.

येथे एक पेच उभा राहतो. सकाळी सूर्यकिरण तिरपे येतात आणि हवेच्या जाड थरातून जातात. त्यामुळे हे अतिनील किरण वाटेतच बरेचसे अडतात. चेन्नईपासून फार दूर नसलेल्या तिरुपती येथील, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ‘ड’ जीवनसत्त्व तयार होण्यास सकाळी ११ ते दुपारी २ ही वेळ सर्वांत अनुकूल आढळली. म्हणजे जे ऊन बाळाला सोसते, त्यातून हे जीवनसत्त्व फारसे मिळत नाही; आणि ज्यातून मिळते, ते बाळाला सोसत नाही. खिडकीच्या काचेतून आलेले ऊनही या कामी उपयोगी नाही, कारण काच हे किरण अडवते.

या पेचातून सुटण्याचा मार्ग सोपा आहे. आईचे दूध हा बाळाचा सर्वोत्तम आहार असला, तरी त्यात ‘ड’ जीवनसत्त्व अल्प असते. म्हणून बाळाला पहिले वर्षभर रोज ४०० आंतरराष्ट्रीय एकके इतके ‘ड’ जीवनसत्त्व थेंबांच्या रूपात द्यावे, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. औषधाच्या प्रत्येक बाटलीतील प्रमाण सारखे नसते. त्यामुळे किती थेंब द्यायचे, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

३. कडक उन्हाचा धोका

तान्ह्या बाळाची त्वचा पातळ असते. वजनाच्या मानाने त्याच्या शरीराचा पृष्ठभाग मोठा असतो आणि घामावाटे शरीर थंड ठेवण्याची क्षमता अपुरी असते. त्यामुळे ते लवकर तापते. तहान लागल्याचे त्याला सांगता येत नाही. म्हणून पहिले सहा महिने बाळाला थेट उन्हात ठेवू नये. सावलीतील मोकळी हवा त्याला पुरेशी आहे. उन्हापासून वाचवण्यासाठी जाड दुपट्यात गुंडाळणेही चुकीचे, कारण आत उष्णता कोंडते. उन्हाळ्यातही सहा महिन्यांपर्यंत वरचे पाणी देऊ नये. वारंवार अंगावर पाजावे.

४. कावीळ आणि ऊन

जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात अनेक बाळांची त्वचा पिवळसर दिसते. पुष्कळदा हा पिवळेपणा आपोआप जातो. इंग्लंडमधील रॉचफर्ड येथील रुग्णालयात जीन वॉर्ड या परिचारिका बाळांना अंगणातील उन्हात नेत असत. १९५६ मध्ये त्यांच्या लक्षात आले, की एका बाळाच्या शरीराचा चादरीने झाकलेला भाग तेवढा पिवळा राहिला आहे. या निरीक्षणातून पुढे प्रकाशोपचार विकसित झाला.

मग ऊनच का देऊ नये? रुग्णालयात निळ्या प्रकाशाची मात्रा मोजून देता येते, बाळाचे डोळे झाकलेले असतात आणि रक्ताची तपासणी होते. उन्हाची मात्रा मोजता येत नाही. उघडे बाळ उन्हात तापते, पोळते. सर्वांत मोठा धोका म्हणजे ऊन देण्यात दिवस जातात आणि पित्तरंजक द्रव्य वाढून मेंदूला कायमची इजा होऊ शकते. पहिल्याच दिवशी कावीळ दिसली, तळहात-तळपाय पिवळे झाले किंवा बाळ सुस्त होऊन दूध ओढेनासे झाले, तर त्वरित रुग्णालय गाठावे. चेन्नईत एग्मोर येथे शासकीय बालरुग्णालय आहे.

५. सावलीची खूण

ऊन ओळखण्याची एक सोपी रीत आहे. मोकळ्या जागी उभे राहून आपली सावली पाहावी. ती आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली, की सूर्य वर चढला असे समजून बाळाला आत न्यावे. सावली लांब असतानाही बाळाच्या डोळ्यांवर ऊन येऊ देऊ नये.

तुम्ही काय शिकलात?

• ‘ड’ जीवनसत्त्वासाठी बाळाला उन्हावर अवलंबून ठेवू नये, थेंब द्यावेत.
• पहिले सहा महिने थेट ऊन टाळावे.
• काविळीत तपासणी आणि वेळीच उपचार महत्त्वाचे.

शब्दार्थ

मुडदूस – हाडे मऊ होण्याचा बालविकार; पेच – अडचण; पित्तरंजक – पित्तातील पिवळे द्रव्य.

स्वाध्याय

१. सकाळच्या उन्हातून ‘ड’ जीवनसत्त्व कमी का मिळते?
२. नवजात बाळाच्या काविळीतील धोक्याची तीन लक्षणे लिहा.
३. “आमच्या वेळी आम्ही उन्हातच ठेवत होतो,” असे म्हणणाऱ्या आजींना तुम्ही आदराने काय सांगाल? आठ-दहा ओळी लिहा.
४. सकाळी ७, ९ आणि ११ वाजता आपल्या सावलीची लांबी मोजा व निरीक्षण नोंदवा.