कर्करोगाच्या पेशीत कोरलेला पुरावा

एखादा ताम्रपट हाती आला म्हणजे इतिहासाचा अभ्यासक प्रथम त्यातील मजकूर वाचतो. पण तेवढ्यावर तो थांबत नाही. मजकुरात मागाहून खाडाखोड झाली आहे काय, आणि झाली असल्यास ती कोणत्या हाताची, हेही तो तपासतो. कर्करोगाच्या संशोधकांनी अलीकडे हीच रीत मानवी पेशीला लावली आहे. आम्ही इतिहासाचे शिक्षक. जीवशास्त्र हा आमचा विषय नव्हे. तरीही या संशोधनाची ओळख स्मरणिकेच्या वाचकांस करून द्यावी असे आम्हांस वाटले. घरात कर्करोग शिरला म्हणजे ‘आमच्याच घरात का?’ हा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे उत्तर पुष्कळदा रक्तात, कुळात, नाहीतर कोणाच्या तरी नजरेत शोधले जाते.

पेशीतील डीएनए हा सुमारे ३०० कोटी अक्षरांचा मजकूर आहे. ए, टी, सी आणि जी अशी चारच अक्षरे, आणि तीही समोरासमोर जोडीने बसलेली : ए समोर टी, सी समोर जी. पेशीचे विभाजन होताना या मजकुराची नक्कल होते व तीत काही चुका राहून जातात. शिवाय बाहेरून येणारे किरण आणि रसायने अक्षरे बिघडवतात. एका अक्षराच्या जागी दुसरे येण्याचे प्रकार, जोडी लक्षात घेता, सहाच आहेत. परंतु बदललेल्या अक्षराच्या दोन्ही बाजूंचे शेजारीही मोजले की ते ९६ होतात. प्रत्येक कारण या ९६ प्रकारांपैकी ठरावीक प्रकारच अधिक प्रमाणात घडवते. चोर बदलला की घरफोडीची तऱ्हा बदलते, तसेच हे आहे.

२०१० साली त्वचेच्या एका कर्करोगाचा संपूर्ण मजकूर प्रथम वाचला गेला. त्यात ३३ हजारांहून अधिक अक्षरे बदललेली आढळली, आणि बहुतेक बदल सूर्याच्या अतिनील किरणांच्या पद्धतीचे, म्हणजे सी च्या जागी टी, असे होते. २०१३ मध्ये लुडमिल अलेक्झांड्रोव्ह, मायकेल स्ट्रॅटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ७,०४२ कर्करोगांतील सुमारे ४९ लाख बदल एकत्र तपासून वीसहून अधिक निरनिराळे ठसे वेगळे काढले. धूम्रपानाचा ठसा त्यांत ठळक होता. दिवसाला एक पाकीट सिगारेट याप्रमाणे वर्षभर ओढल्यास फुप्फुसाच्या प्रत्येक पेशीत सरासरी १५० बदल साचतात, असा हिशेब २०१६ मध्ये मांडला गेला.

परंतु आम्हांस सर्वांत बोधक वाटली ती डॅन्यूब नदीच्या खोऱ्यातील हकिकत. बल्गेरिया, सर्बिया, क्रोएशिया, बोस्निया व रोमानिया येथील काही शेतकरी गावांत मूत्रपिंडे हळूहळू निकामी करणारा एक विकार होता. १९५६ साली बल्गेरियातील डॉक्टरांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. या रोग्यांपैकी अनेकांना पुढे मूत्रमार्गाच्या वरच्या भागात कर्करोग होई. एका गावात रोग असे आणि शेजारचे गाव मोकळे राही. एका घरात तीन-चार रोगी, तर दुसऱ्या घरात एकही नाही. साहजिकच हा वंशाचा दोष मानला गेला. ज्या घराण्यावर असा शिक्का बसतो, त्याच्या मुलामुलींच्या सोयरिकीचे काय होत असेल, हे आमच्या वाचकांना विस्ताराने सांगावयास नको. वास्तविक, बाहेरून येऊन त्या गावांत पंधरा-वीस वर्षे राहिलेल्यांनाही हा रोग होत असे. रक्ताचा सिद्धान्त तेथेच डळमळावयास हवा होता; तो डळमळला नाही.

खरे कारण गव्हाच्या शेतात होते. ॲरिस्टोलोकिया नावाचे एक तण पिकाबरोबर वाढे, त्याचे बी गव्हात मिसळे, पिठात दळले जाई आणि भाकरीतून वर्षानुवर्षे पोटात जाई. १९६९ च्या सुमारास ही शंका मांडली गेली होती, पण पुरावा नव्हता. तो २००७ मध्ये क्रोएशियातील रुग्णांच्या ऊतींतून मिळाला. या वनस्पतीतील आम्ल डीएनएच्या ए या अक्षराला चिकटते. मग नक्कल करताना त्या जागी टी येतो. इतर कर्करोगांत विरळा असणारा हाच बदल या गाठींमध्ये वारंवार दिसला. एवढेच नव्हे, तर त्या आम्लाचे अंश रुग्णांच्या मूत्रपिंडांतील डीएनएला चिकटलेले सापडले, आणि ते तेथे कित्येक दशके टिकतात.

त्या आधीच ब्रुसेल्समध्ये एक दुर्घटना घडली होती. १९९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत वजन घटवण्याच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीऐवजी चुकून ॲरिस्टोलोकिया पडली, आणि शंभराहून अधिक जणांची मूत्रपिंडे निकामी झाली. त्यांपैकी ज्या ३९ जणांची मूत्रपिंडे व मूत्रवाहिन्या पुढे खबरदारी म्हणून काढण्यात आल्या, त्यांतील १८ जणांत कर्करोग सापडला. तैवानमध्ये ही वनस्पती पारंपरिक औषधांत सर्रास असे. २००३ मध्ये तिच्यावर तेथे बंदी आली. मात्र २०१७ मध्ये तपासलेल्या तेथील ९८ यकृत-कर्करोगांपैकी ७८ टक्क्यांत हा ठसा उमटलेलाच होता.

येथे एक मर्यादा सांगितली पाहिजे. सर्वच ठशांची कारणे कळलेली नाहीत. काही ठसे केवळ वाढत्या वयाचे असतात. आणि स्तनाच्या काही कर्करोगांत बीआरसीए या जनुकातील आनुवंशिक दोषाचाही ठसा खरोखर दिसतो. म्हणजे आनुवंशिकता खोटी नाही; पण तीही तपासूनच म्हणावयाची असते. एकाच घरात दोन रुग्ण निघाले एवढ्यावरून ती सिद्ध होत नाही. त्या घरातील माणसे एकच पीठ खातात, एकाच विहिरीचे पाणी पितात.

आपल्याकडे सर्पदंशावरील झाडपाल्यात वापरली जाणारी ईश्वरी ही वेल याच ॲरिस्टोलोकिया कुळातील आहे आणि तिच्यातही हेच आम्ल असते. ‘झाडपाल्याने अपाय होत नाही’ हे वाक्य आम्ही पालकांच्या तोंडून वारंवार ऐकतो. या कुळातील वनस्पती असलेली औषधे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००२ मध्येच मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली आहेत. तंबाखूचा धूरही त्याच गटात आहे. घरात कोणी मुळी, चूर्ण किंवा काढा घेत असेल, तर मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडे जाताना त्याची पुडी बरोबर न्यावी आणि किती वर्षे घेतली तेही सांगावे.