भरती आणि उधाण

'भरणे' यावरून 'भरती' हा शब्द आला. पोलिसांत भरती होते, खड्ड्यात मातीची भरती घालतात. समुद्राचे पाणी चढते, तीही भरतीच. पाणी उतरू लागले की ओहोटी. आपल्या कोकणकिनाऱ्यावर दिवसरात्रीत दोनदा भरती व दोनदा ओहोटी होते.

हे कोण करतो? मुख्यतः चंद्र. तो समुद्राचे पाणी ओढतो. सूर्यही ओढतो, पण तो फार लांब, म्हणून त्याची ओढ कमी पडते. अमावास्येला आणि पौर्णिमेला चंद्र, सूर्य व पृथ्वी एका रेषेत येतात. दोघांचा जोर एकवटतो. त्या सुमारास पाणी फार चढते. त्याला उधाण म्हणतात. 'आनंदाला उधाण आले' असे आपण बोलतो, ते यावरूनच. अष्टमीच्या आगेमागे पाणी थोडेच चढते, थोडेच उतरते. ती भांगाची भरती.

उधाणाच्या दिवसांत ओहोटीही मोठी लागते बरे का! पाणी लांब मागे जाते. खडक उघडे पडतात. बायामाणसे कोयती घेऊन कालवे काढायला आत जातात. धोका तिथेच आहे. भरतीचे पाणी नेहमी समोरून येत नाही. खडक आणि किनारा यांच्यामध्ये सखल जागा असते, ती आधी भरते. कालवे काढणारी खाली मान घालून बसलेली असते आणि पाठीमागची वाट बुडते. म्हणून वेळ आधी काढावी.

जुन्या कोळी मंडळींचा हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ येते. आज चतुर्थी आहे असे समजा. चार त्रिक बारा. बाराला चाराने भागले, तीन आले. म्हणजे दुपारी तीनला आणि पहाटे तीनला, सुमाराने, पूर्ण भरती. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. भरती रोज साधारण ५० मिनिटे उशिरा येते, म्हणून ही पाऊणकी जमते. अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो. खाडीत आत गेलात तर भरती आणखी उशिरा पोचते. तेव्हा पाणी पूर्ण ओसरण्याआधी खडकावर जावे आणि ते फिरताच निघावे.

पावसाळ्यात हा हिशेब शेतकऱ्यालाही लागतो. खारजमिनीच्या बांधाला उघाडी असते. ओहोटीला तिच्यातून शेतातले पाणी बाहेर जाते. भरतीत ते अडते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यात भरती आली. गटारांचे पाणी समुद्रात जाईना. शहर बुडाले.

अभ्यास : घरची दिनदर्शिका काढा. आजची तिथी वाचा. आज पूर्ण भरती किती वाजता, ते पाटीवर मांडा.