आधी ऊन, मग वारा, शेवटी लेन्स

पोरांनो, थंडी पडली की भिगवणच्या वाटेला नवे कोरे कॅमेरे लागतात आणि मला पहिला प्रश्न ठरलेला असतो : "नाना, कुठली लेन्स घेऊ?" माझं उत्तरही ठरलेलं आहे. हातात आहे ती घे आणि उद्या उजाडायच्या आत कुंभारगावला ये.

लेन्स वाईट असते असं नाही. पण आपल्याकडचा क्रम वेगळा आहे. आधी ऊन बघायचं, मग वारा, मग पाखरू आणि सगळ्यात शेवटी लेन्स. उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झालं, भीमेचं पाणी मागे भिगवणपर्यंत फुगलं आणि त्या उथळ, चिखलाच्या काठांवर रोहित, चित्रबलाक, पट्टकदंब उतरायला लागले. सुप्याला मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा आहे, कडबनवाडीच्या माळावर लांडगा आहे, ज्येष्ठ सरता सरता तुकोबांची पालखी आपल्याच दारावरून जाते. लोक लांबून गाड्या करून येतात ते याच्यासाठी. तुम्ही इथलेच. तुमच्याकडे वेळ आहे, आणि तो कुठल्याच दुकानात मिळत नाही.

ऊन पाठीवर घ्या

नावेत बसायच्या आधी नावाड्याला सांगा, "मामा, ऊन पाठीवर राहू द्या." तो पाण्यावर वाढलेला असतो, त्याला एवढं पुरतं. थवा दिसला की लांबूनच इंजिन बंद करायला लावा आणि पुढे वल्ह्यावर जा. घाई करून थवा उठवला तर उडणाऱ्या शेपट्यांचे फोटो मिळतात आणि मागच्या चार नावांच्या शिव्याही.

नावेत तिपाई उघडू नका. नाव हलली की तीही हलणार. खाली बसा, कोपरं गुडघ्यांवर टेका, नाहीतर ज्वारीची छोटी पिशवी काठावर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवा. कॅमेरा जेवढा पाण्याजवळ, तेवढी मागची झाडी लांब जाते, धूसर होते आणि पाखरू उठून दिसतं. हे काम महागड्या लेन्सशिवाय, नुसतं खाली बसून होतं.

वाऱ्याचं तोंड ओळखा

पाखरं वाऱ्याला तोंड देऊन उठतात आणि तशीच उतरतात. काठावर बसलेल्या सुरयांकडे बघा. सगळ्यांच्या चोची एकाच दिशेला असतील, तर वारा तिकडून आहे. आता हिशेब सोपा आहे. वारा आणि ऊन दोन्ही तुमच्या पाठीकडून असतील, तर उतरणारं पाखरू तुमच्याकडे तोंड करून, अंगावर प्रकाश घेऊन येणार. वारा समोरून असेल तर नाव पलीकडे घ्या किंवा बसलेल्या पाखरांवर समाधान माना.

रोहित जागच्या जागी उडत नाही. मान लांब करतो, पाण्यावर पावलं टाकत पळतो आणि मग उचलला जातो. माना वर झाल्या, चालण्याचा वेग वाढला की बोट बटणावर हवं. उभा असताना पांढरट गुलाबी दिसणाऱ्या या पाखराचे लाल-काळे पंख तेव्हाच उघडतात. शटर 1/1600 च्या खाली ठेवू नका. सुरय त्याहून चपळ, त्याला 1/2500 द्या. नुसत्या उभ्या पाखराला नावेतून 1/500 पुरतं.

मीटरचं ऐका, पण मान डोलवू नका

कॅमेऱ्यातलं मीटर सगळ्यांना एकाच मापाचा सदरा शिवणारा शिंपी आहे. त्याच्यासमोर पांढरं आणा की काळं, त्याला सगळं मध्यम करडं करायचं असतं. म्हणून स्वतःला विचारायचं : चौकटीत जास्त काय आहे?

गडद पाण्यावर एकटा बगळा असेल, तर मीटर पाणी उजळवायला जातं आणि बगळ्याची पिसं जळतात. कॉम्पेन्सेशन उणे पाऊण ते एक स्टॉप करा. उलट, धुक्याच्या सकाळी सगळी चौकट उजळ पांढरी असेल, तर मीटर ती मळकी करतं. तिथे अधिक पाऊण-एक द्या. चकाकत्या पाण्यावर काळा पाणकावळा पंख वाळवत बसला असेल, तर त्यालाही अधिकच. नाहीतर नुसती सावली हाती लागेल.

फोटो काढल्यावर पडद्यावरचं चित्र बघून खूश होऊ नका. उन्हात पडदा फसवतो. हिस्टोग्राम बघा. डोंगर उजव्या भिंतीला चिकटला म्हणजे पांढरं गेलं. रोहित आणि चित्रबलाकाला तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम लावा, कारण साध्या हिस्टोग्राममध्ये सगळं ठीक दिसत असतानाही लाल रंग आधीच फुटलेला असतो. शक्य असेल तर रॉमध्ये काढा. पण रॉ आहे म्हणून बेफिकीर राहू नका, जळालेलं पीस कुठल्याच संगणकात परत येत नाही.

एक कोष्टक तोंडपाठ ठेवा

आमच्या वेळी उटीच्या कारखान्यातून 'इंदू' फिल्म यायची. एका रोलला 36 फोटो आणि मीटर सगळ्यांकडे नसायचं. तेव्हाचा नियम आजही खरा आहे : स्वच्छ उन्हात एफ/16 ठेवलं तर शटर आयएसओच्या आकड्याएवढं. आयएसओ 100 ला 1/100. आयएसओ 400 ला 1/400, आणि ॲपर्चर एफ/8 केलं तर दोन स्टॉप वाढले म्हणून 1/1600. म्हणजे उडत्या रोहिताची सेटिंग घरी बसून निघाली. पांढऱ्या पिसांसाठी त्यातून थोडं आणखी कमी करा. ऊन नुकतंच वर आलं असेल किंवा विरळ ढग असतील, तर एक स्टॉप वाढवा, म्हणजे आयएसओ 800. हे पाठ असलं की मीटर गडबडलं तरी तुम्ही गडबडत नाही.

माळावर ऊन चढलं की लेन्स हरते

कडबनवाडीच्या गवतात किंवा सुप्याच्या अभयारण्यात लांब लेन्स लागते हे खरं. पण नऊ-दहा वाजले की जमीन तापते, तिच्यावरची हवा थरथरते आणि लांबच्या चिंकाऱ्याच्या कडा वितळल्यासारख्या येतात. मग पोरं लेन्सला दोष देतात. दीड लाखाची लेन्स लावली तरी तिच्यासमोरची हवा तीच. सकाळी लवकर जा, अंतर कमी असेल तेव्हाच काढा, नाहीतर जनावर लहान आणि माळ मोठा असा फोटो घ्या. तो पुष्कळदा जास्त खरा असतो.

जनावरामागे गाडी घालायची नाही. पायवाट सोडायची नाही. चिंकाऱ्याचा किंवा लांडग्याचा पाठलाग झाला, तर फोटो कितीही चांगला असो, तो माझ्यासमोर आणू नका.

वारीत आणि गुऱ्हाळात छोटीच लेन्स

काटेवाडीला पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं तेव्हा सगळे 1/1000 लावून मेंढ्या गोठवतात. तेही काढा. पण मग कुठेतरी पाठ टेका, श्वास धरा आणि 1/15 करून बघा. पालखी जागच्या जागी स्पष्ट राहते आणि तिच्याभोवती लोकरीचा पांढरा ओघ वाहतो. बेलवाडीच्या रिंगणात अश्व धावतो तेव्हा मात्र 1/1000 च्या खाली येऊ नका. आभाळ भरलेलं असतं, आयएसओ 1600 वर गेला तरी जाऊ द्या. दाणेदार फोटो चालतो, हललेला नाही.

गर्दीत 18-55 पुरते. संदेश भंडारे यांचं 'वारी : एक आनंदयात्रा' मिळवून बघा. माणसांच्या जवळ जाण्यातलं बळ त्यात दिसेल. जवळ जायचं म्हणजे आधी "माउली" म्हणायचं, मग कॅमेरा उचलायचा. पावसासाठी खिशात एक प्लॅस्टिकची पिशवी आणि रबरबँड ठेवा. धुळीत लेन्स बदलू नका.

गुऱ्हाळाला 50 ची एफ/1.8 लेन्स उत्तम. ती स्वस्तात मिळते आणि अंधारात कामाला येते. शेडमध्ये काळोख, चुलवाणात चिपाडाचा जाळ, काहिलीवर वाफ. मीटर काळोख उजळवायला जाणार आणि जाळ, वाफ दोन्ही पांढरीफटक होणार. गुळव्याच्या चेहऱ्यावर स्पॉट मीटरिंग करा. तो पाक ढवळताना वाकतो तेव्हा तोंडावर जाळाचा उजेड येतो. तेवढा क्षण धरा, बाकी काळं राहू द्या. फ्लॅश नको, वाफेवर आपटून परत येतो. आणि काहिलीपासून चार हात लांब राहा, उकळता पाक उडतो.

अशी लेन्स जुनी विकत घेत असाल, तर आरपार टॉर्च मारून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर बुरशी आहे. कितीही स्वस्त असली तरी सोडा.

फोटो दाखवायची रीत

एकमेकांना आठवड्याला एकच फोटो दाखवा, पण त्याच्याबरोबर शटर, ॲपर्चर, आयएसओ, ऊन कुठून होतं आणि वारा कुठून, हेही सांगा. मोबाइलवरून पाठवताना फाइल म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबून लहान होतो आणि आम्ही उगाच तुमच्या फोकसला नावं ठेवतो. पाखराचं नाव मारुती चितमपल्लींच्या 'पक्षिकोशा'त बघून लिहा. दुसऱ्याच्या फोटोला नुसतं "झकास" म्हणू नका. काय आवडलं आणि काय वेगळं करता आलं असतं, हे एकेका वाक्यात सांगा.

भादलवाडीच्या तळ्यावर चित्रबलाक घरट्यांत बसतात. तिथे लांबूनच काढा. आई-बाप उठले तर उघडी पिल्लं उन्हात भाजतात. घरट्याचा किंवा लांडग्याच्या बिळाचा ठावठिकाणा फोटोखाली कधीच लिहू नका, मोबाइलमधली जागेची नोंदही बंद ठेवा. कुणी विचारलंच तर "इंदापूर तालुका" एवढं सांगायचं. जास्त खोदून विचारणाऱ्याला तर तेवढंही नाही.